निळी काठी

ड्रमचं झाकण उचललं आणि तिचा हात तिथंच थांबला. आठ दिवस गुळाच्या पाण्यात वाढवलेल्या ट्रायकोडर्मा बुरशीचा हिरवट थर विरून गेला होता. ढवळायची काठी निळी झाली होती.

टोमॅटोवर करपा आला तेव्हा तिनं हे जिवंत औषध करायला घेतलं. सासरे चिडले होते. "बुरशीनं बुरशी मरती व्हय? ज्याला वास न्हाई ते औषध कसलं?" त्यांचा मुलगा, तिचा नवरा, वारल्यापासून एरवी ते तिच्याशी बोलत नसत.

आज मात्र ते ड्रमपाशी येऊन उभे राहिले. त्यांची बोटं निळी होती.

"दुपारी तुझा डोळा लागला हुता, म्हनून म्याच ढवळलं. दोन मुठी मोरचूद बी टाकलं. करप्याला जल्मभर तेच मारत आलोय. आता तुझं औषध आन् माझं औषध मिळून पीक वाचवतील, पोरी."

ड्रमभर पाण्यात दोन मुठी मोरचुदानं करपा हटत नाही, ड्रममधली बुरशी मात्र मरते, हे तिच्या ओठांवर आलं. नवं औषध तयार व्हायला आणखी आठ दिवस लागणार होते. तोवर करपा शेंड्यापर्यंत पोचला असता.

"चुकलं का काय माझं?"

"न्हाई, मामा. बरं झालं, तुमी ढवळलं."

तिनं त्याच ड्रममधून पंप भरून पाठीवर घेतला. सासरे तिच्या पुढं वाकून एकेक पान उलटं धरत चालले, आणि ती शेवटच्या सरीपर्यंत त्यावर ते मेलेलं पाणी फवारत गेली.