मागची सीट

“कोणालेच पटणार नाही अफरोज, पण हिच्या मागच्या सीटवर आजवर माणूस बसला नाही,” तुळशीराम म्हणाला. नजर अधू झाल्यापासून त्याची लांबलचक जुनी डिझेल गाडी दारात पडून होती. कपड्यांचे गठ्ठे न्यायला स्वस्तातली गाडी शोधणारा अफरोज हे वर्षभरातलं पहिलंच गिऱ्हाईक.

अफरोजनं चालवून पाहायला गाडी काढली. मारेगावच्या फाट्यावर एका म्हातारीनं हात दाखवला.

“थांबू नको, चाल पुढं,” तुळशीराम पुटपुटला. पण अफरोज भला माणूस, त्यानं ब्रेक दाबला. म्हातारीनं मागच्या दाराला सवयीनं कमरेचा धक्का दिला, तसं अडकलेलं दार उघडलं आणि ती आत बसली.

“आज एवढी जागा कशी रे तुळशीराम? या सीटवर तर तू सात जण कोंबत होता.”