डेलिया की शेवंती

“हे कुठलं फूल, सांगा बरं?”

काकूंनी कॅमेऱ्याला लावलेला डोळा न हलवताच विचारलं. भिंगात एकच फूल मावत होतं. जांभळं, पाकळ्यांवर पाकळ्या चढलेलं, आणि आतल्या फटीत परागांनी माखलेली एक मुंगी. चित्र हलू नये म्हणून त्यांनी श्वास रोखून धरला होता.

“शेवंती ना गं?” मागून उत्तर आलं.

बटण दाबायचं राहूनच गेलं.

डेलिया होता तो. शेंबड्या पोरालाही कळेल असा. आणि त्याला शेवंती कोण म्हणत होतं? ज्यांनी उभा जन्म रोपवाटिकेत काढला, नुसतं पान चुरगाळून जे जात सांगायचे, ते काकूंचे यजमान.

“नाही का? बरं, तू म्हणशील ते,” ते हसून म्हणाले.

काकूंनी कॅमेऱ्याचं झाकण लावलं.

हे आजचंच नव्हतं. परवा निशिगंधाला लिली म्हणून मोकळे झाले होते. लग्नानंतर दोघांनी मिळून लावलेलं पहिलं झाड कुठलं, तेही आठवेना. जन्मभर बिनसाखरेचा चहा प्यायलेला माणूस हल्ली दोन-दोन चमचे साखर घालून घेत होता. त्यात केस काळेभोर! रंगवलेत का म्हणून विचारलं, तर ‘चहा टाकू का?’ म्हणत आत निघून गेले होते.

बागेच्या फाटकावर पहारेकऱ्याने नेहमीसारखं हटकलं. “फोटोवाल्या काकू, आज काय टिपलंत?” मग यजमानांकडे वळून तो हलक्या आवाजात म्हणाला, “दादा, ठीक चाललंय ना?”

म्हणजे याच्याही ध्यानात आलं होतं तर. रस्ता ओलांडताना त्यांनी यजमानांचा हात घट्ट धरला. तो हातही परका वाटला. मऊ, मातीत कधी न घातल्यासारखा.

घरी आल्यावर त्यांनी दार लोटून घेतलं आणि लेकीला फोन लावला.

“तुझ्या बाबांचं काही खरं नाही गं. सगळं विसरत चाललेत. उद्या माझ्याकडे बघून ‘आपण कोण?’ म्हणाले, तर मी काय करू?”

पलीकडून लेक म्हणाली, “आई, घाबरू नकोस. डॉक्टरांकडे जाऊन या ना दोघं.” आणि तिने लगेच फोन ठेवून दिला.

यजमानांपुढे विषय कसा काढायचा, हे काकू मनात घोळवत राहिल्या. साध्या तापालाही डॉक्टर नको म्हणणारा माणूस. पण डॉक्टरांचं नाव काढताच ते उठले, बूट चढवले आणि म्हणाले, “चल.” काकूंना त्याचीच जास्त धास्ती वाटली.

दवाखान्यात डॉक्टरीणबाई ओळखीचं हसल्या. काकूंना त्यांचा चेहरा काही आठवेना, पण आठवत बसायला आत्ता सवड कुणाला होती! त्यांनी सगळं भडाभडा सांगून टाकलं. डेलिया, निशिगंध, साखर, केस. डॉक्टरीणबाईंनी शांतपणे ऐकून घेतलं.

“आणि हे तुमच्यासोबत आलेत ते कोण, काकू?”

“कोण म्हणजे? माझे यजमान!” काकू यजमानांकडे वळल्या. “अहो, मला तरी ओळखता ना? सांगा ना यांना, मी कोण तुमची?”

यजमानांनी डॉक्टरीणबाईंकडे पाहिलं.

“सांगा,” त्या हळूच म्हणाल्या. “आज सांगून बघा.”

ते खुर्चीवरून उठले, काकूंच्या समोर जमिनीवर बसले आणि त्यांचे दोन्ही हात आपल्या हातांत घेतले.

“आई आहेस गं तू माझी,” तो म्हणाला. “बाबा गेले.”