श्वास चालू आहे तोवर

"माझा श्वास चालू आहे तोवर या घरात देवाला नवस बोलला जाणार नाही!" विज्ञानाचे शिक्षक चिंतामणी मास्तरांनी लग्नाच्या दुसऱ्याच दिवशी असं जाहीर केलं होतं, आणि मालिनीकाकूंनी ते बेचाळीस वर्षं पाळलं.

गेले अकरा दिवस मात्र रत्नागिरीतल्या एका आयसीयूत, निमोनियाने आडव्या झालेल्या मास्तरांचा श्वास व्हेंटिलेटर घेत होता. म्हणजे बंदी तूर्तास उठली, असा काकूंनी अर्थ काढला. पहिलं अँटिबायोटिक लागू पडेना, तेव्हा गावदेवीची ओटी कबूल झाली. छातीतला कफ तपासायला गेला, तेव्हा हातखंबा तिठ्याजवळचा मारुती कामाला लागला. औषध बदलूनही ताप हटेना, तेव्हा काकूंनी चहा सोडला. जेवण तर आधीच सुटलं होतं.

बाराव्या दिवशी मास्तरांचीच विद्यार्थिनी असलेली डॉक्टर वेदिका बाहेर आली.

"काकू, नवं औषध लागू पडलंय, ताप उतरलाय. आता नळी काढून बघतो. सरांनी स्वतःहून श्वास घेतला तर जिंकलो. नाही टिकला, तर नळी परत घालावी लागेल, आणि मग खरंच कठीण आहे."

काकूंनी तिचं मनगट धरलं.


"अगो, पाचच मिनिटं थांबशील? श्वास टिकण्याचा नवस तेवढा राहिलाय, आणि एकदा यांचा श्वास सुरू झाला की मला बंदी आहे."