पुढचे आकडे

"लिहा ना हो," बायको म्हणाली. मास्तरांच्या हातात पेन होतं आणि मांडीवर मेंदूच्या स्कॅनचं पाकीट. समोरच्या दारामागे तीन डॉक्टर बसले होते. मास्तर यापुढे शिकवू शकतील की नाही, हे ते आज ठरवणार होते.

गेल्या महिन्यात मास्तर भर वर्गात फळ्यापुढे अडले. अमोनिया तयार करायचं समीकरण. एरवी झोपेतून उठवलं तरी सोडवायचे. पोरं हसली, तक्रार वर गेली. आजही तेच विचारणार, असं बायकोने मनाशी पक्कं धरलं होतं. ती स्वतः शिवणकामवाली. अमोनिया म्हणजे केस रंगवायच्या डब्यावर 'यात नाही' असं छापलेलं असतं ते, एवढीच तिची ओळख. तरी तिने पुस्तक उघडून घोकंपट्टी केली होती. शाळा गेली तर हा माणूस घरात बसून विझून जाईल, या भीतीने तिला अन्न गोड लागत नव्हतं.

मास्तरांनी लिहिलं. नायट्रोजन, हायड्रोजन, बाण, अमोनिया. डावीकडे हायड्रोजन दोन, उजवीकडे तीन. ते बघत राहिले. मग उजवीकडचा, खाली बारीक लिहिलेला तीन खोडून त्यांनी दोन केला आणि शाबासकीसाठी वर पाहिलं.

"अहो, खालच्या आकड्याला हात लावायचा नाही! तुम्हीच पोरांना सांगायचात ना? खालचा आकडा जन्माचा, बदलायचा तो पुढचा."

"असं मी म्हणायचो?" मास्तर खूश झाले. "बरं म्हणायचो की!"

तिला रडू फुटत होतं. तिने ते गिळलं.

शिपायाने नाव पुकारलं. "एकट्यांनीच यायचं."

तिने त्यांचा हात घट्ट धरला. "राहू दे ते सगळं. नुसतं पाठ करा. पुढचे आकडे एक, तीन, दोन. काहीही विचारू देत, घाबरायचं नाही. एक, तीन, दोन."

"एक, तीन, दोन," मास्तर शहाण्या मुलासारखे म्हणाले आणि आत गेले.

दार अर्धवट उघडंच राहिलं. आत खुर्ची सरकली. डॉक्टरांनी प्रेमाने विचारलं, "मास्तर, बाहेर बसल्यात त्या तुमच्या कोण?"

मग मास्तरांचा आवाज आला, शेवटच्या बाकापर्यंत पोचेल असा खणखणीत.

"एक, तीन, दोन."