शेजारची खुर्ची

दादा लाइटमन गेला आणि वर्षभराने सिनेमावाल्यांना त्याची आठवण झाली. जीवनगौरव जाहीर झाला. तो घ्यायला काकू, म्हणजे त्याची बायको, एकट्याच आल्या. लाइटमन संघटनेच्या सेक्रेटरीने त्यांच्या शेजारची खुर्ची मोठ्या मानाने दादासाठी रिकामी ठेवली होती. वर दादाचे चटके बसलेले कातडी हातमोजे.

सोहळा सुरू व्हायच्या आत हेडफोन लावलेली एक बाई भाड्याचा कोट घातलेल्या माणसाला घेऊन आली. "काकू, टीव्हीवर रिकामी खुर्ची बरी दिसत नाही. हे नुसते बसतील." तिने हातमोजे उचलून काकूंच्या मांडीवर ठेवले. तो माणूस अंग चोरून बसला.

मागच्या रांगेतला सेक्रेटरी तिरमिरीत उठला. "अहो, काही लाजलज्जा? आमच्या दादाची जागा आहे ती! उठा आधी!"

तो बिचारा उठायला लागला, तशी काकूंनी त्याची बाही धरली.



"बसू द्या हो त्यांना. पोरीच्या शाळेतल्या कार्यक्रमापासून तिच्या लग्नापर्यंत ह्यांचं शूटिंगच चालू होतं. माझ्या शेजारच्या खुर्चीत आज पहिल्यांदा कुणी बसलंय."