पुढच्या रांगेतल्या बायका

जुन्या कापड गिरणीचं आता यंत्रांचं संग्रहालय झालं होतं. उद्घाटनाला पुढच्या रांगेत माझ्या आईसकट सहा म्हाताऱ्या विणकर बायका बसवल्या होत्या. मागांच्या खडखडाटाने सगळ्यांचेच कान कधीच गेलेले.

"या यंत्राने माणसाचे कष्ट कमी केले!" मालक शाळेच्या मुलांना सांगत होते. टाळ्या पडल्या. मग माइकवर हात ठेवून ते मॅनेजरला हसत हसत काहीतरी पुटपुटले.

सहाही बायका ताडकन उठल्या.

"फोटो झाला की या बहिऱ्या थेरड्यांना हाकला, असं म्हणालास ना?" आई कडाडली.

मालकांचा चेहरा पांढराफटक पडला. "तुम्हाला... ऐकू आलं?"

"ऐकायला कान ठेवलेस कुठे? तीस वर्षं तुझ्या मागांपाशी आम्ही एकमेकींचे ओठ वाचूनच बोललो!"