गडावरची सवत

धुरपता गड चढत होती ती एका बाईचा कायमचा काटा काढायला. ती बाई मरून पाचशे वर्षं झाली होती, ही गोष्ट वेगळी.

बाई म्हणजे सालईगडची राणी. आष्टीपलीकडच्या डोंगरावर हा गड आहे. आहे म्हणजे उरला आहे. दोन बुरूज, अर्धा दरवाजा, कातळात खोदलेलं पाण्याचं टाकं आणि पूर्वेकडची एक खिडकी. खिडकीपाशी एक सपाट दगड आहे. धुरपताचा नवरा नत्थू गेली बावीस वर्षं लोकांना गड दाखवतो, आणि गड दाखवतो म्हणजे मुख्यतः तो दगड दाखवतो. राणी इथं बसायची. इथून राजाची वाट बघायची. केस इतके लांब, की विंचरायला दोन दासी लागायच्या. राजा लढाईवरून आलाच नाही, तेव्हा राणीनं सात दिवस अन्नाला हात लावला नाही. हे ऐकून आर्वीच्या, वर्ध्याच्या बायका डोळे पुसायच्या आणि मग त्याच दगडावर बसून फोटो काढायच्या.

घरी हाच नत्थू गोंडीत बोलायचा, आणि तेही जेवढ्यास तेवढं. पाणी दे. भात वाढ. दिवा घालव. लग्नानंतरच्या पहिल्या वर्षी धुरपतानं केसांना इतकं तेल चोपडलं, की अंथरुणाचं वाटोळं झालं. नत्थूच्या ते ध्यानातही आलं नाही. एकदा तापात तीही तीन दिवस जेवली नव्हती. ते त्यानं कुणाला रंगवून सांगितल्याचं ऐकिवात नाही.

आज मात्र हद्द झाली. झाडाचं नवं फळ आधी देवाला दाखवायचं आणि मगच घरात खायचं, अशी वस्तीची रीत. देवाबद्दल धुरपताची काही तक्रार नव्हती. सकाळी यंदाची पहिली सीताफळं पिकली, दोनच. एक नत्थूनं देवापुढं ठेवलं. दुसरं दुपट्ट्यात बांधलं.

"ते कोनाले?" धुरपतानं विचारलं. राणीवरून भांडायचं झालं की ती मराठीवर यायची. राणीच्या वाट्याचे सगळे गोड शब्द त्याच भाषेत जात होते ना.

"राणीच्या दगडावर ठेवतो," नत्थू म्हणाला आणि निघालाही.

धुरपता तिथंच चुलीपुढं बसून राहिली. मग उठली, पदर खोचला आणि गडाची वाट धरली. वर नागपूरच्या समीक्षा मॅडम आल्या होत्या. जुन्या गडांचा त्यांचा अभ्यास. चार दिवस त्या फीत धरून भिंती मोजत होत्या, कारण पायथ्याशी गडाच्या माहितीचा फलक लागायचा होता. मॅडम लिहितील तेच त्यावर कोरलं जाणार होतं. एकदा फलकावर चढली की राणी कायमची बसणार. आणि धुरपताला तर एक गोष्ट पक्की ठाऊक होती. तिचे सासरे जन्मभर या डोंगरावर बकऱ्या चारत होते, पण राणीचं नावही त्यांच्या तोंडून कधी आलं नव्हतं. ते एवढं मॅडमच्या कानावर घातलं की काम फत्ते.

ती वर पोचली तेव्हा खिडकीपाशी वीस-पंचवीस माणसं गोळा झाली होती आणि दगडावर ते सीताफळ ठेवलेलं होतं. नत्थूचा आवाज चांगलाच लागला होता. गोष्टीत दोन्ही दासी कंगवे घेऊन उभ्या होत्या. मॅडम वही मिटून पुढं आल्या.

"काका, एक मिनिट. राग मानू नका," त्या म्हणाल्या. "हा गड राहायचा नव्हता, पहाऱ्याचा होता. चाळीस-पन्नास शिपाई, त्यांचं धान्य आणि पाणी, बस. महालाचा पायाच कुठं नाही. ही खिडकी पहारेकऱ्याची आहे. इथं राणी नव्हतीच कधी."

मोबाइलवर व्हिडिओ घेणारा एक जण ओरडला, "म्हंजे काका, तुम्ही इतके दिवस फेकूनच राह्यले होते का?"

सगळे हसले. राणीबद्दल आणि नत्थूला शब्द सुचेनात, असं बावीस वर्षांत झालं नव्हतं. त्यानं खांद्यावरचा दुपट्टा काढला, झटकला आणि परत खांद्यावर टाकला.

धुरपताला आनंद व्हायला हवा होता. काम आयतंच झालं होतं. सवत मेली नव्हती, ती जन्मलीच नव्हती! पण धुरपताला राग आला. हा माणूस बोलतो तेव्हा किती चांगला दिसतो, हे तिनं आजच पाहिलं होतं, आणि तोच आता चारचौघांत मुका होऊन उभा होता.

मॅडमचं तिच्याकडं लक्ष गेलं. "मावशी, तुम्ही इथल्याच ना? तुमच्या वस्तीत कुणी राणीबद्दल बोलायचं का? खरं काय ते सांगा. मला फलकावर लिहायचंय."

नत्थूनं मान खाली घातली. बायको काय सांगणार, हे त्याला दिसतच होतं.

धुरपता पुढं झाली. माणसांनी बाजूला होऊन तिला वाट दिली.

"होती," ती म्हणाली.

"कशावरून?"

"कशावरून म्हंजे?" धुरपता कडाडली. "नसती तं बावीस वर्सं मी जळत राह्यली, ते कोनावर?"